तुम्ही विचारलंत म्हणून: खानदेश जिल्हा गेला कुठे?

माझे गाव अमळनेर, मुलूख खानदेश, असे सांगितले की हा जिल्हा नकाशात कुठे आहे, हा प्रश्न हमखास येतो. आज तो कुठेच नाही. मात्र १९०६ पर्यंत सुमारे दहा हजार चौरस मैलांचा खानदेश जिल्हा मुंबई इलाख्यात होता.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे कारभाराचे ठाणे केले. त्यापूर्वी फारुकी सुलतानांची, आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगल सुभ्याचीही राजधानी तापीकाठचे बऱ्हाणपूर होती. ते शहर १८१८ नंतरही शिंद्यांकडे राहिले व पुढे मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्याला जोडले गेले. ज्या शहरातून हा मुलूख शतकानुशतके चालला, तेच नव्या जिल्ह्याबाहेर पडले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्यापेक्षाही मला हे तुटणे मोठे वाटते.

नव्या जिल्ह्याची पहिली वर्षे भिल्लांशी लढण्यात गेली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावास भिल्ल पलटण उभारली, ही हकीकत बहुधा आउट्रमच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. सातपुड्यातली आणि सातमाळ्यातली माणसे का उठली होती, हे तितक्याच आस्थेने सांगायला हवे.

१८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण तिकडे गेले. बागलाणात आजही अहिराणी ही खानदेशची बोली ऐकू येते. नंतर १९०६ मध्ये उरलेल्याचे दोन भाग झाले: पूर्व खानदेशाचे ठाणे रेल्वे आणि कापसामुळे वाढलेले जळगाव, पश्चिमेचे धुळेच. एवढा प्रदेश एका कचेरीतून सांभाळणे अवघड होते, हे मान्यच करावे लागेल. पण आमचे अमळनेर, जे जळगावपेक्षा धुळ्याला जवळ आणि ज्याची बोलीही तिकडचीच, ते पूर्वेत टाकले गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोन्ही जिल्ह्यांना ठाण्यांचीच नावे मिळाली आणि खानदेश हे नाव सरकारी दप्तरातील जिल्ह्यांच्या यादीतून गेले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

म्हणून मी खानदेश म्हणतो तेव्हा त्यात हे तिन्ही जिल्हे, बागलाण-मालेगावचा पट्टा आणि बऱ्हाणपूरही धरतो.