नोटीस पडून आहे, गप्प बसायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दाणा बाजारात, एमआयडीसीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हाच प्रश्न येतो : "कस्टमची नोटीस येऊन दहा-बारा वर्षं झाली, उत्तर दिलं, पुढे काहीच नाही. आते काय करानं भो?" निजलेल्या सापावर पाय कशाला द्यायचा, असंही सोबतचं कुणीतरी म्हणतंच.

माझे वडील तेच म्हणायचे. जळगावात आमचा चटईचा कारखाना होता. बाहेरून आणलेल्या मागांची किंमत कमी दाखवली, असा आरोप ठेवणारी नोटीस २००७ साली आली. वडिलांनी महिन्याभरात उत्तर दिलं, एक सुनावणी झाली, मग सगळं शांत. २०१९ मध्ये सुनावणीचं पत्र पुन्हा आलं, तेव्हा वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मागांच्या किमतीची बोलणी त्यांनीच केलेली. पुरवठादाराचे फॅक्स थर्मल कागदावर होते, त्यावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात. फाईल उघडली तर कोरी पानं. तारीख नाही, सही नाही, भाव नाही. कडेला वडिलांनी पेन्सिलीनं मारलेल्या खुणा तेवढ्या दिसत होत्या. ती पानं घेऊन मी कसला बचाव मांडणार होतो?

चौकशी केली तेव्हा कळलं, प्रकरण 'कॉल बुक'मध्ये होतं. तशाच दुसऱ्या वादाचा वरच्या कोर्टात निकाल लागेपर्यंत फाईल बाजूला ठेवतात, त्याची ही नोंदवही. ठेवली याचा राग नाही. आम्हाला बारा वर्षांत एका ओळीनंही कळवलं नाही, याचा आजही आहे.

आम्ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी कारवाईविरुद्धची याचिका, दाखल केली. कायद्यात मुदत नसली तरी अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये भटिंडा दूध संघाच्या विक्रीकर प्रकरणात सांगितलेलं आहे. आमची याचिका चालू असतानाच, २०२० मध्ये, पार्ले इंटरनॅशनल या कंपनीच्या प्रकरणाचा निकाल आला. २००६ च्या अबकारी नोटिसा तेरा वर्षांनी उघडल्या होत्या; उच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली. पुढे आमचीही नोटीस रद्द झाली.

२९ मार्च २०१८ पासून सीमाशुल्क (कस्टम) कायद्याचं कलम २८ कडक झालंय. नोटिशीवर निर्णय द्यायला साध्या प्रकरणात सहा महिने, फसवणुकीचा आरोप असेल तर एक वर्ष. वरिष्ठ अधिकारी तेवढीच मुदत आणखी एकदा वाढवू शकतो. तरीही निर्णय झाला नाही, तर नोटीस दिलीच नव्हती असं धरून कारवाई संपते. स्थगिती किंवा तशाच प्रकरणातलं अपील आड येत असेल तर घड्याळ थांबतं, पण ते कारण तुम्हाला कळवावं लागतं. त्याआधीच्या नोटिसांना मात्र वाजवी काळाचाच आधार.

गप्प बसू नका, असंच मी सांगतो. एकदा आदेश निघाला की अपिलासाठी मागितलेल्या शुल्काच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. सुनावणीचं पत्र आलं की लगेच वकील गाठा. नोटीस रद्द करा अशी मागणी उच्च न्यायालयात करा. ते जमत नसेल तर ठरावीक मुदतीत निर्णय द्या, असा आदेश मागा. पण तारखा तुम्हीच वाढवून घेतल्या असतील तर उशिराचं गाऱ्हाणं टिकणं कठीण.

आमचं प्रकरण तरलं ते उत्तराच्या पोचेवर. २००७ चा गोल शिक्का, निळ्या शाईतला, अजून वाचता येतो. तुमची पोच शोधा आणि फाईल घेऊन या.