लाडक्या बहिणीची तपासणी निवडणुकीनंतरच कशी काय सुचली?

राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचा विषय निघाला की जो तो बायकांवरच घसरतो, फुकटचं खातात, खोटं सांगून पैसे घेतात वगैरे. मला या बोलण्याचा खरंच राग येतो, कारण घोळ जिथं झाला तिकडं कुणी बघायलाच तयार नाही.

जरा मागचं आठवून बघा. जून 2024 च्या राज्याच्या बजेटात योजना जाहीर झाली, बायकांना महिन्याला 1500, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे 3000 खात्यात जमा पण झाले. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला नको. घरात चारचाकी नाही, सरकारी नोकरी नाही, हे हमीपत्रावर सही करून दिलं की विषय संपला. फॉर्म भरायचं काम अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात, एका फॉर्ममागे 50 रुपये कबूल करून. त्यांनी मुलांचा आहार बघायचा की कुणाच्या दारात कुठली गाडी उभी आहे ते बघत फिरायचं? पुढं आचारसंहिता लागायच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता एकदमच दिला आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं.

मग जुलै 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरेंनीच सांगितलं की 26 लाख 34 हजार लाभार्थी अपात्र दिसतायत, जूनपासून त्यांचे पैसे थांबवलेत. कुणी दुसऱ्या योजनेचे पैसे घेतंय, कुठं एकाच घरात दोनपेक्षा जास्त बायका, आणि काही ठिकाणी तर चक्क पुरुष. पुरुषांचा आकडा चौदा हजारांच्या वर असल्याच्या बातम्या होत्या. त्याआधी मे महिन्यात 2,289 सरकारी कर्मचारी सापडले होते.

आता मला सांगा, बाई की पुरुष हे आधारवर असतं की नाही? सरकारी पगार सेवार्थ नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून निघतो, गाड्यांची नोंद आरटीओकडे, पैसे आधार लिंक खात्यात. म्हणजे पडताळायला लागणारी माहिती पहिल्या दिवसापासून सरकारकडेच होती, फक्त ती एकमेकांना लावून बघितली नाही, आणि निवडणूक झाल्यावर बघितली तर लगेच लाखांनी नावं निघाली. याला मी नुसता निष्काळजीपणा म्हणणार नाही, तेव्हा बघायचंच नव्हतं.

याच राज्यात संजय गांधी निराधार योजनेतून विधवा बाईला पण 1500 च मिळतात, पण तिथं तिला वर्षाचं उत्पन्न 21 हजाराच्या आत असल्याचं दाखवायला लागतं, वर दरवर्षी हयातीचा दाखला. जिच्यामागे कुणी नाही तिला पुरावे मागायचे आणि जिथं मतं अडीच कोटी तिथं सही पुरे!

आणि चाळणी लागली ती पण कुणाला? सप्टेंबर 2025 ला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं आलं, त्यात नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी. आमच्या मागच्या आळीत एक काकू आहेत, नवऱ्यानं टाकून वीस वर्षं झाली, वडील कधीच गेले, त्यांनी ओटीपी कुणाकडून आणायचा? नोव्हेंबरात विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रं द्यायची सोय केली, पण काकूंकडं ना मृत्यूचा दाखला ना कोर्टाचा कागद. वर तो प्रश्न, कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत 'नाहीत', खाली होय आणि नाही. नोकरी नाही म्हणून बायकांनी सरळ 'नाही' दाबलं, त्याचा अर्थ उलटा, नोकरीत आहे असा लागला आणि हप्ता बंद. मी स्वतः दोघीतिघींचे फॉर्म बसून भरलेत, तो प्रश्न मला पण परत परत वाचायला लागला.

पैसा कुठून आला ते पण बघा, मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकासचे 335 कोटी 70 लाख इकडं वळवले, सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाटच याविरुद्ध उघड बोलले होते. त्यातला एक रुपया जरी अपात्र माणसाच्या खात्यात गेला असेल तर तो दलित-आदिवासी पोरांच्या वाट्याचा गेलाय.

योजना बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्याकडं याच पैशावर बायकांनी गॅस भरलाय, शिलाई मशीनचे हप्ते फेडलेत. पण ज्यानं पुरुषाचा अर्ज मंजूर केला तो कुठल्यातरी लॉगिनवरूनच केला ना? ती नोंद सिस्टिममध्ये असायलाच पाहिजे, मग ती बाहेर काढा. मनरेगाच्या म्हणजे रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 खाली ग्रामसभेनं सोशल ऑडिट, म्हणजे गावासमोर तपासणी करायची सोय होती, तेच इथं लावा, गावातली यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. कुणाच्या घरात कोण नोकरीला आहे आणि कोण खरंच एकटी आहे हे गावाला कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं माहीत असतं. 1 मेच्या ग्रामसभेसाठी मी तसा अर्ज लिहून ठेवलाय, काकूंचं नाव त्यात त्यांना विचारून घातलंय. तुमच्या गावात द्यायचा असेल तर सांगा, मजकूर पाठवते.