निळं बटण

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. केंद्रात शिरलो तर अधिकारी माझ्या भाच्याला विचारतात, "यांचं मत तुम्हीच टाकणार ना?" अहो, मी इथेच उभा आहे! डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

नियमानं अंध मतदाराला सोबती नेता येतो. पण सोबती घ्यायचा की नाही, हे मी ठरवणार. भाच्याला बाहेर थांबवलं आणि ब्रेलमधली मतपत्रिका मागितली. ती गठ्ठ्याखालून निघेपर्यंत मागची रांग चुळबुळायला लागली. असू दे. पत्रिकेवर नावं वाचून क्रमांक लक्षात ठेवला. यंत्रावर प्रत्येक निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो. मी डाव्या तर्जनीनं वाचतो, नेमकी त्याच बोटाला ओली शाई. ती कागदाला पुसून मग आकडा चाचपला, बटण दाबलं. लांबलचक बीप.

व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी मात्र सात सेकंद काचेआड दिसते म्हणे. माझ्यासाठी नाही दिसत. ती बोलायला हवी, इअरफोनमध्ये, फक्त माझ्याशी.

बाहेर भाच्यानं विचारलं, "मामा, कुणाला दिलंस?"

"तुला का सांगू?" म्हटलं, "चल, चहा पाज."