सव्वातीनची वेळ

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागला की नागपुरात दुपारी बारा ते चार या वेळेत शहाणी माणसे कामाला हात लावत नाहीत. 2024 च्या मे महिन्यात माझ्या संगणकानेही हा नियम स्वतःला लावून घेतला. सव्वातीनच्या सुमारास, खेळ अगदी रंगात आला असताना, कसलीही सूचना न देता तो बंद पडायचा. बिघाडाचा निळा पडदा नाही, टूं-टूं नाही; कुणीतरी प्लग ओढून काढावा तसा एकदम शुकशुकाट. अर्ध्या तासाने बटण दाबले की काही घडलेच नाही अशा थाटात तो सुरू होत असे, आणि रात्री अकरानंतर तोच खेळ सलग तीन तास बिनतक्रार चाले.

हे यंत्र मी 2019 च्या डिसेंबरात बर्डीच्या बाजारातून एकेक भाग आणून स्वतः जोडलेले. रायझन 5 2600 हा प्रोसेसर, बी450 चिपसेटचा मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, जीटीएक्स 1660 सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि 450 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे या सगळ्यांना वीज पुरवणारा सप्लाय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत पाहिले तर प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर 41’ ही एकच नोंद सापडे. तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. मृतदेह आढळून आला, एवढेच लिहून संपवलेला पंचनामा म्हणावा तर हाच.

रिवाजाप्रमाणे आधी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. या उपायाचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता, पण तो केल्याशिवाय आपल्याकडे कोणाचेच समाधान होत नाही. मग तापमान पाहिले, तर प्रोसेसर 95 अंशांना टेकलेला. या चिपची कमाल मर्यादा तेवढीच आहे. प्रोसेसरवरचे पंख्याचे कूलर कितीही चांगले असले तरी ते खोलीतल्या हवेनेच काम करते. चिप आणि हवा यांच्यात पन्नास अंशांचे अंतर पडत असेल, तर पंचवीस अंशांच्या खोलीत चिप पंचाहत्तरवर राहील आणि चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदवर जाईल. ज्या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश पाहिले आहेत, तेथे हे गणित कागदावर राहत नाही. त्यातच मी संगणकाला गारवा मिळावा म्हणून खिडकीतल्या कूलरचा झोत थेट त्याच्यावर सोडला होता. कूलरच्या ओल्या ताट्यांतून आलेली दमट हवा आणि मानेवाड्याची धूळ यांचा मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर चक्क लेप बसला होता.

तो काढण्यासाठी हीटसिंकचे चार स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढले, ही माझी घोडचूक. दोघांच्या मध्ये लावलेल्या आणि साडेचार वर्षांत सुकून गेलेल्या थर्मल पेस्टने प्रोसेसरला असे धरून ठेवले होते, की तो खटका न उघडताच सॉकेटमधून उपटून हीटसिंकला चिकटून बाहेर आला. एएम4 या सॉकेटच्या प्रोसेसरला 1331 पाय असतात, त्यांतले दोन वाकले. क्लच पेन्सिलीतले शिसे काढून तिची पोकळ नळी त्या केसाएवढ्या पायावर चढवली आणि श्वास रोखून एकेक पाय उभा केला. यंत्र आधी थोडे गरम करून, हीटसिंक हलके पिळून मगच उचलायचे असते, हे ज्ञान मला दुसऱ्या पायाच्या वेळी झाले. नवी पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढी लावली आणि कॅबिनेटची बाजू उघडी ठेवूनच यंत्र सुरू केले.

मागच्या स्क्रूला बोट लागताच मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. मी ओरडलो, तशी आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “यंदा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलं नाही वाटते कोणी.” एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अगदी थोडा प्रवाह धातूच्या खोक्यावर येत असतो आणि तो अर्थिंगमधून जमिनीत निघून जातो, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की तो आपल्या बोटाची वाट पाहत बसतो. आई तुळशीला पाणी घालून उरलेली बादली दरवर्षी तिकडे रिकामी करी, आणि मी इतकी वर्षे तिला त्यावरून हसत आलो होतो.

प्रोसेसर आता 80 च्या आत आला. तरी सव्वातीनला यंत्र बंद पडलेच.

मग मात्र कार्डच गेले असे ठरवून मी नव्या कार्डाचे भाव विचारायला बर्डीवर गेलो. दुकानदाराने सगळी हकीकत ऐकून एकच विचारले, “भाऊ, थंड झाल्यावर चालू होते ना? मग कार्ड कायले बदलता? आधी सप्लायला हात लावून पाहा.”

घरी येऊन हात लावला तर चटका बसला. माझ्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालून हवा ओढतो. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून मी कॅबिनेटखाली आजीची जाड सतरंजी चौघडी घालून अंथरली होती. सप्लाय बिचारा साडेचार वर्षे त्या सतरंजीतून श्वास घेत होता. मागले उन्हाळे त्याने कसेबसे काढले. या वर्षी मात्र जीव वाचवण्यासाठी तो ठरलेल्या उष्णतेला स्वतःच स्वतःला बंद करून घेई. सतरंजी काढली, कूलरचा झोत माझ्याकडे वळवला आणि त्या दिवशी सव्वातीन वाजून गेल्याचे मला साडेपाचला कळले.

दिवाळीत मात्र हौस भागवलीच. रायझन 5 5600 त्याच मदरबोर्डवर बसतो, फक्त आधी मदरबोर्डमधली बायोस ही मूळ प्रणाली अद्ययावत करावी लागते, आणि त्यात मध्येच वीज गेली तर बोर्डच निकामी होण्याची भीती. पेन ड्राइव्ह लावून टक्केवारी सरकताना पाहण्याची ती काही मिनिटे मी इन्व्हर्टरच्या भरवशावर काढली. कार्ड आरटीएक्स 3060 घेतले. त्याला 550 वॅटचा सप्लाय सांगितलेला असल्यामुळे जुना एसएमपीएसही निवृत्त झाला, म्हणजे शेवटी दुकानदाराचे दोन्हीकडून भलेच झाले.

आता कॅबिनेट आईने दिलेल्या चौरंगावर उभे असते. गणपतीत तो चौरंग परत द्यावा लागतो, आणि तेवढे दहा दिवस यंत्राचा मुक्काम दोन विटांवर असतो.