अजून राहू दे

दुपारी दोनला ठाण्यात, पाचपाखाडीत जरा आडवं व्हावं, तर खालच्या मजल्यावरचं फोनवरचं बोलणं खिडकीतून वर येतं. मामा इथे, भाचा मेलबर्नला. तिथे साडेसहा वाजलेत, जुलैची थंडी आहे आणि भाच्याचा प्रश्न आहे, "मामा, बिअर बाटल्यांत भरून दोन आठवडे झाले. उघडू का?" मामांनी बिअर कधी केलेली नाही. परवान्याशिवाय ती घरी करायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे मनाईच आहे. (इंग्लंडातही १९६३ पर्यंत परवाना लागायचा, तेव्हा फार नाक मुरडायला नको.) तरी उत्तर तयार असतं. "घाई कसली? अजून राहू दे."

हे 'राहू दे' लोणच्याच्या बरणीतून आलेलं. फडकं बांधून माळ्यावर चढवलेली बरणी, तिला हात लावला की स्वयंपाकघरातून येणारी हाक, आणि खार सुटेपर्यंत वरणभातावर काढलेले दिवस. ते लोणच्याला शोभतं. बिअरच्या बाटलीत काम करतं ते यीस्ट, म्हणजे साखर खाऊन दारू आणि वायू करणारी सूक्ष्म बुरशी, तेही जिवंत असेपर्यंत आणि उबेत असेपर्यंतच. त्याचं काम संपल्यावर नुसते दिवस जातात, आणि नुसत्या दिवसांनी बिअर शिळी होते.

घरी तयार पाकाच्या डब्यातून करतात त्या बिअरचा हिशोब साधा आहे. हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, पाकाचा १.७ किलोचा डबा, एक किलो डेक्स्ट्रोज (एक साखरच), पाणी घालून २३ लिटर, वर यीस्टची पुडी. साखर संपते तशी उतरणारी घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०३९ च्या आसपास दाखवतो, शेवटी १.००८ ते १.०१० वर येऊन थांबतो. थांबला म्हणजे तीन दिवस हललाच नाही पाहिजे. बुडबुडे बंद झाले एवढ्यावर बाटल्या भरणारा माणूस फुटक्या काचा गोळा करतो. भरताना ७५० मिलीच्या बाटलीत ६ ग्रॅम साखर. या साखरेचा वायू होतो, पण यीस्ट तेवढ्यावर थांबत नाही आणि खरी गंमत इथेच आहे. नव्या बिअरला हिरव्या सफरचंदासारखा वास येतो, तो ॲसिटाल्डिहाइडचा. कधी बटरस्कॉचसारखी चव येते, ती डायअसिटिलची. दोन्ही यीस्टनेच आधी बाहेर टाकलेली असतात आणि सवड मिळाली की तेच परत ओढून घेतं. मग ते तळाशी बसतं, बिअर नितळते, तोंडातला कच्चा खरखरीतपणा जातो. 'मुरलेली' बिअर म्हणतात ती एवढीच.

म्हणून भाच्याला महिने विचारण्याआधी बाटल्या कुठे ठेवल्यात ते विचारायला हवं. जुलैत मेलबर्नच्या गॅरेजमध्ये पारा १० च्या आसपास असतो. तिथे यीस्ट झोपतं. दोन आठवडे काय, सहा आठवड्यांनीही बाटली धड फसफसणार नाही. त्या घरात आणून, अंधारात, उभ्या, १८ ते २२ अंशांत दोन-तीन आठवडे ठेवाव्यात, मग थंडीत. भरल्या-भरल्या फ्रिजमध्ये टाकणं हा सगळ्यात वाईट उतावीळपणा. तिथे सफरचंदाचा वास तसाच राहतो आणि दोष डब्याला जातो.

डब्यालाही दोष असतो, नाही असं नाही. पाक जुना झाला की काळवंडतो आणि बिअरला एक गोडसर, शाईसारखी चव येते. ती कितीही ठेवली तरी पूर्ण जात नाही. तारीख बघून डबा घ्यावा, एवढाच उपाय.

आता उलटी बाजू. भरताना बाटलीत हवा खळखळली की ऑक्सिजन आत जातो. थोडा यीस्ट गिळतं, उरलेला हळूहळू बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव देतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून भरावं, ते यासाठी. हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी उडतो, मग कडवटपणाही उतरतो. पारदर्शक किंवा हिरव्या काचेवर ऊन पडलं तर महिने लागतच नाहीत, थोड्या वेळातच घाणेरडा वास धरतो. तपकिरी बाटली घ्यावी. बिअरच्या धंद्यात एक ठोकताळा आहे : ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३०, ३ अंशांत ३००. तो कारखान्यातल्या गाळलेल्या बिअरचा. तळाशी यीस्ट असलेली घरची बाटली जास्त तग धरते, पण दिशा तीच. म्हणजे मामांचं 'राहू दे' ठाण्याच्या मे महिन्यातलं असतं, तर ते बिअरला भलतंच महागात पडलं असतं.

आंबट झालेली बिअर मात्र ठेवून सुधारत नाही. बाटलीच्या मानेशी तेलकट कडं दिसलं, उघडताच कारंजं उडालं, आत व्हिनेगरचा वास आला, तर जंतू शिरलेत. मोरीत ओतावी आणि नळी बदलावी, धुऊन भागत नाही.

साध्या ४ टक्क्यांच्या बिअरला माझ्या मते भरल्यापासून सहा ते दहा आठवडे पुरेत. गव्हाची असेल तर त्याआधीच संपवावी. पटत नसेल तर एकाच घाण्यातल्या बाटल्यांवर तारीख लिहून दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात एकेक उघडावी आणि चव कागदावर लिहून ठेवावी, कारण जीभ मागचं आठवत नाही, आठवल्याचं सोंग करते. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात मोठा फरक दिसेल, आठव्या-बाराव्यात बहुतेक नाही.

खरंच वर्षभर ठेवायची हौस असेल, तर काळी, दणकट बिअर करावी. स्टाउटचे दोन डबे, एक किलो डेक्स्ट्रोज, पाणी २० लिटरपर्यंतच, यीस्टच्या दोन्ही पुड्या. ७ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन डब्यांचा कडवटपणा पहिले काही महिने जिभेला डसतो, तो वर्षात खाली बसतो आणि भाजक्या माल्टची चव पुढे येते. फक्त एक आहे, बाटल्या भरतात पंचवीसेक, काचेच्या आणि जड. वर्षभरात भाच्याने घर बदललं, तर त्या कोणी उचलायच्या ते आधी ठरवावं.