तुम्ही विचारलंत म्हणून: काचेखालच्या नावांबद्दल

"ताई, आपण ख्रिश्चन नाही, लढाईत गेलेले ते गोरे आपले कुणी लागत नाहीत. मग त्यांच्या खिडक्यांची माहिती सांगत का उभ्या राहता?" मंडळाच्या दिवाळीत हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. हातात फराळाची डिश असते, मागे गाणी चालू असतात, तेव्हा मी "आवड, दुसरं काय" म्हणून सुटते. खरं उत्तर जरा लांबचं आहे.

इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या आमच्या गावात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं चर्च आहे, त्याचा हॉल शनिवारी मराठी शाळेला भाड्यानं मिळतो. (मेथडिस्ट आवारात दारू चालत नाही, म्हणून दिवाळीही तिथंच. काही पुरुष मंडळींची याबद्दल कायमची कुरकुर आहे.) मुलगा आत बाराखडी घोकायचा आणि मी बाहेर पॅसेजमध्ये बसायची. तिथं भिंतीवर एक लाकडी पेटी आहे, आत ट्यूबलाइट आणि समोर रंगीत काचांची खिडकी. खिडकी पेटीत कशाला घातली असेल, असं वाटलं आणि तिथून सुरुवात झाली.

इंग्लंडात वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथडिस्ट हे या पंथाचे तीन गट वेगळे होते, ते १९३२ साली एक झाले. तोवर एकेका गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपेलं, म्हणजे त्यांची प्रार्थनाघरं, उभी होती. पुढं माणसं कमी झाली आणि चॅपेलं बंद पडत गेली. पलीकडच्या गल्लीतलं प्रिमिटिव्हांचं चॅपेल पाडलं तेव्हा तिथली महायुद्धाची स्मारक-खिडकी लोकांनी सोडवून आणली. आमच्या चर्चची स्वतःची एक खिडकी आत होतीच, म्हणून ही पॅसेजमध्ये लागली, मुलांच्या जॅकेटांच्या खुंट्यांशेजारी.

खरं तर मेथडिस्टांना असली सजावट मूळची मानवणारी नव्हे. या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७७८ साली लंडनच्या सिटी रोडवर चॅपेल उघडलं, तेव्हा रोजनिशीत त्याचं वर्णन नेटकं आहे, भपकेदार नाही, अशा अर्थाचं केलं. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं ठरवलं की मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत. श्रीमंताचा मुलगा परत येईल आणि गिरणी कामगाराचा तिकडंच राहील, असं नको. सगळे सोबत्यांबरोबर तिथंच राहतील. निर्णय न्यायाचाच होता, पण इथल्या आयांना फुलं ठेवायला जागा उरली नाही. मग वर्गणी काढून खिडक्या बसवल्या गेल्या.

आतल्या खिडकीत चिलखत घातलेला संत जॉर्ज आहे, इंग्लंडचा रक्षक मानला जाणारा लढवय्या संत. तो मला आवडत नाही, हेही सांगून टाकते. काटेरी तारांत आणि चिखलात मेलेल्या पोराला चकचकीत चिलखत चढवणं खोटं वाटतं. काम मात्र सुरेख आहे. निळ्या काचेचा रंग काच वितळवतानाच कोबाल्टनं आलेला असतो, तो वरून दिलेला नसतो. चेहरा लोहभस्म आणि काचेची पूड कालवून ब्रशनं काढतात आणि भट्टीत भाजतात. केसांचा आणि मुकुटाचा सोनेरी रंग चांदीच्या क्षाराचा. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजला की काचेत मुरतो आणि पिवळा होतो. इंग्रजीत अशा काचेला जे 'स्टेन्ड', म्हणजे 'डाग पडलेली', म्हणतात, ते खरं तर याच रंगाला लागू. हे सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शंभरेक वर्षांनी शिसं थकतं, खिडकीला पोट सुटतं आणि ती उतरवून पुन्हा बांधावी लागते.

पण मी थांबते ती चित्रापाशी नाही, पॅसेजमधल्या खिडकीखालच्या पितळी पाटीपाशी. एकोणीस नावं, आडनावांच्या अकारविल्हे. हुद्दा कुणाचाच नाही. एकच आडनाव लागोपाठ दोनदा येतं, ते भाऊ असावेत. सप्टेंबरात इथल्या जुन्या वास्तू लोकांना फुकट पाहायला खुल्या असतात, तेव्हा मी ही पाटी मोठ्यानं वाचून दाखवते. आता ती मला पाठ आहे.

आणि मग मला आजोळची पाटी आठवते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी दगड आहे. महायुद्धाला या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यावर आहे. अशा पाट्या सरकारनं गावोगावी लावल्या होत्या. त्यात आकडा आहे, नावं नाहीत. आजीचा एक मामा 'बसऱ्याच्या लढाईत' गेला, असं घरात सांगायचे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची ६वी पूना डिव्हिजन कुट इथं तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या, १०३वी, ११०वी आणि ११७वी. २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली. तो मामा तिथं होता का, हे ठाऊक नाही. ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची, बहुतेक ठिकाणी, पलटणीगणिक नुसती संख्या. या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबरींचा आयोग सगळ्यांना सारखं वागवण्याची भाषा करत होता. असा भेदभाव झाला, हे त्यानं स्वतःच्या अहवालात कबूल केलं ते २०२१ साली.

हे मी दिवाळीत सांगत नाही. कारण पुढचा प्रश्न साहजिकच येईल, "मग मामाचं नाव काय?" आजी त्याला नुसतं 'थोरला मामा' म्हणायची. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांची नावं मला पाठ, आणि याचं कुणी सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही. बहिणीला फोन केला, तिलाही माहीत नाही. मावशी ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला ऐकू कमी येतं. रविवारी तिच्या सुनेला सांगून तिला फोनवर बोलवणार आहे.