तुम्ही विचारलंत म्हणून : अर्ली ॲक्सेसमधला गेम घ्यावा का?

मी गेम खेळते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक झाल्यापासून स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन माझ्या डेस्कपाशी येतंच. घरी भाचा आहेच. "मावशी, भारी गेम आलाय. अर्ली ॲक्सेसमध्ये आहे म्हणून स्वस्त आहे, पूर्ण झाला की किंमत वाढणार. घेऊ का?" मी नको म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला : तू स्वतः एवढं खेळतेस, मग यावरच एवढा राग का? एकदा नीटच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गेम तयार व्हायच्या आधीच विकायला काढायचा आणि आलेल्या पैशांवर, खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत तो पुरा करायचा, असा हा मामला. माइनक्राफ्ट २००९ पासून असाच विकला जात होता, पूर्ण म्हणून आला नोव्हेंबर २०११ मध्ये. स्टीमने मार्च २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा विभागच उघडला आणि तिथून ही सवय सगळ्या धंद्याला लागली.

मी हिंजवडीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या अर्धवट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. रात्री घरी येऊन तेच काम पदरचे पैसे भरून करायचं, हा विनोद मीच इतक्यांदा केलाय की आता कुणी हसत नाही. पण खरं सांगायचं तर बगांचा मला फारसा त्रास होत नाही. पात्र भिंतीत अडकलं, गाय आकाशात उडाली, तर मी हसते आणि पुढे जाते. माझं दुखणं वेगळं आहे.

काही वर्षांपूर्वी गाव वसवायचा एक गेम घेतला होता. नाव सांगत नाही, टीम छोटी होती आणि माणसं भली असावीत. नदीकाठच्या चार झोपड्यांपासून सुरुवात. पावसाचा आवाज इतका सुरेख की हेडफोन काढवत नसे. गहू पेरला, कापला, पवनचक्की बांधली, पीठ पडायला लागलं. आणि मग लक्षात आलं, भट्टीच नाही. बांधकामाच्या यादीत भट्टीचं चित्र होतं, पण करड्या रंगात, आणि खाली लिहिलेलं : 'लवकरच'. तोवर गावकरी मासे आणि रानातली बोरं खाऊन राहत होते, कोठारात पिठाची पोती चढत होती. एक कोठार भरलं की दुसरं बांधायचं. शेवटी गावात घरं कमी आणि कोठारं जास्त झाली. सुरुवातीला दर पंधरवड्याला अपडेट यायचं, मग महिन्याने, मग नुसतीच पत्रं यायला लागली, 'तुमच्या संयमाबद्दल आभार' अशा थाटाची. अखेर भट्टी आली. सोबत एक ओळ होती : जुने सेव्ह या आवृत्तीत चालणार नाहीत.

म्हणजे जपून ठेवलेलं माझं गाव गेलंच. नवं सुरू केलं. त्याच चार झोपड्या, तीच नदी, तोच पाऊस. पूर आला की कुठलं शेत आधी बुडणार हेसुद्धा पाठ. पहिला पाव भाजून निघाला तेव्हा काहीच वाटलं नाही. पुढे तो गेम पूर्ण झाला, परीक्षणंही बरी आली म्हणे. मी परत उघडला नाही.

कुठलाही गेम पहिल्यांदा खेळायची मजा एकदाच मिळते, आणि अर्ली ॲक्सेसमध्ये ती आपण त्याच्या सगळ्यात कच्च्या रूपावर उडवून बसतो. माझी तक्रार एवढीच आहे. 'पूर्ण करतील का?' असं सगळे विचारतात. समजा केला. तोवर तुम्ही त्याला विटलेले असता, त्याचं काय?

पैशांचं म्हणाल तर स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पण अर्धवट गेममध्ये सगळ्यात आधी घासूनपुसून तयार असतात ते पहिले दोन तासच. भट्टी नाही हे मला कळलं तेव्हा ती मुदत कधीच उलटून गेली होती.

भाचा म्हणतो, "अगं पण ते आधीच सांगतात ना!" सांगतात की. स्टीमच्या पानावर सरळ लिहिलेलं असतं की काही टीमना गेम पुरा करणं जमणार नाही, आज आहे तसा खेळावासा वाटत असेल तरच घ्या. आणि त्याच पानावर जरा खाली रोडमॅप, म्हणजे पुढे काय काय येणार त्याची यादी : मल्टिप्लेअर, नवे प्रदेश, घोडे. बजावायचं आजचं, विकायचं उद्याचं. पुण्यात बांधकाम चालू असलेला फ्लॅटही माणसं ब्रोशर बघूनच घेतात, पण तिथे २०१७ पासून महारेरा आहे. बिल्डरला पूर्णत्वाची तारीख नोंदवावी लागते, गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. (तरीही काय काय होतं ते मला सांगू नका, मी वाकडला राहते.) गेमच्या बाबतीत तेवढंही नाही. फेब्रुवारी २०२५ पासून वर्षभराहून जास्त काळ अपडेट न आलेल्या गेमवर स्टीम तशी सूचना लावतं, इतकंच.

मोठं नाव बघून घ्यावं तर कर्बल स्पेस प्रोग्राम २ आठवा. पहिला भाग अर्ली ॲक्सेसमधूनच वर आला आणि २०१५ मध्ये छान पुरा झाला. दुसरा फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरना विकायला काढला, परग्रहांवरच्या वसाहती आणि दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास कबूल करून. २०२४ मध्ये स्टुडिओच बंद झाला. वसाहती आल्या नाहीत, गेम मात्र त्यानंतरही दुकानात होता. द डे बिफोर तर ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चार दिवसांत कंपनीने गाशा गुंडाळला. तिथे निदान लोकांचे पैसे परत केले.

आता बाल्डर्स गेट ३ चं नाव कुणीतरी घेणारच. मान्य. ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ जवळजवळ तीन वर्षं त्याचा फक्त पहिला अंक खेळायला होता, आणि पूर्ण झाला तो नंबरी झाला. पण आमच्या टीममधल्या एकाने तो पहिला अंक इतक्यांदा घोटला होता की पूर्ण गेम आल्यावर पुन्हा त्याच समुद्रकिनाऱ्यावरून निघायचं त्याच्या जिवावर आलं. दुसरा अंक त्याने अजून बघितलेला नाही. मी बघितला. मी तीन वर्षं थांबले होते.

छोट्या स्टुडिओंनी मग पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं फर्डं उत्तर नाही. ज्यांना सूचना द्यायला, बग कळवायला मनापासून आवडतं त्यांनी जरूर घ्यावेत असे गेम. अशी माणसं असतात, मला कामाच्या वेळात भेटतात. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने 'राजी' बनवला, तेव्हा किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी २०२० मध्ये गेम आणला तो पुरा करून. चार-पाच तासांत संपतो, शेवट जरा उरकल्यासारखा वाटला मला. पण शेवट आहे.

भाच्याला मी विशलिस्ट करायला, म्हणजे न घेता नुसता यादीत टाकून ठेवायला शिकवलंय. गेम अर्ली ॲक्सेसमधून बाहेर पडला की स्टीम स्वतःहून ईमेल पाठवतं. त्याला ते पटलेलं नाही. मित्र आत्ता खेळतायत, आपण दोन वर्षांनी खेळून काय करायचं, असं त्याचं म्हणणं, आणि त्याच्या वयात तेही बरोबरच आहे. मे २०२४ मध्ये हेडीस २ अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा आमच्याकडेही हेच. लंचला रोज तोच विषय, कुठलं शस्त्र भारी, गेममधला कुठला बॉस, म्हणजे बडा शत्रू, अवघड. पुढचं मला सांगू नका म्हणून मी दोनदा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. तशी काही गरज नव्हती. खरा शेवट त्या पोरांनाही माहीत नव्हता. तो गेममध्ये आला सप्टेंबर २०२५ मध्ये.